घरच्या शाळेची घंटा

नाना, दोन पोरींना शाळेतून काढायला खरं काय लागलं ते आधी सांगतो. एक अर्ज, दोन दाखले, मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत पाऊण तास, बायकोची आठ दिवसांची झोप, सासऱ्यांचा दिवाळीपर्यंतचा अबोला आणि मायचा दम. माय पीठ चाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुना बाप जलमभर शाळानी घंटा वाजाडत राहिना, आन तू पोरीस्ले शाळातून काढी लयना? आते वर जाईसन त्यास्ले काय तोंड दखाडशी?" मी म्हटलं, "माय, मला इतक्यात जायचं नाहीये." ती हसली नाही. म्हणून हे लिहायला बसलो. तोंड दाखवायच्या आधी लिहून ठेवलेलं बरं.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे भाड्याच्या टपरीत एक बाक आणि दोन पकडी होत्या. आता जळगावात एरंडोलच्या रस्त्याला स्वतःची शेड आहे, वर घर आहे, खाली पंपाच्या मोटरी उघडून ओळीनं मांडलेल्या असतात. आणि हे सगळं कानावर उभं आहे. सावद्याचा केळीवाला फोन पंपाजवळ धरतो, मी इकडे उजव्या कानाला लावून डोळे मिटतो, आणि सांगतो की वरचं बेअरिंग गेलंय, वाइंडिंगला हात लावू नका. उघडून पाहिलं की तेच निघतं. लोक म्हणतात, डॉक्टरला मशीन लागतं, यांना तेही लागत नाही. मीही कधी नाही म्हटलं नाही. माझे कान चुकत नाहीत, असं मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगत आलो.

तर शाळेत पालकांची सभा होती. बाई म्हणाल्या, "तुमची मोठी इतकी गुणी! अख्ख्या वर्षात तिचा आवाज म्हणून आला नाही." शेजारचे पालक माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले, पण मला ते कौतुक वाटेना. आमच्या धंद्यात करंट चालू असताना आवाज बंद झाला की आधी मेन स्विच खाली ओढतात, कारण आत काहीतरी जळत असतं. मोठी दहा वर्षांची. लहान होती तेव्हा पाण्याला पाणी का म्हणतात इथून सुरुवात करायची ती. जेवताना तेव्हाही माझ्या डाव्या हाताला, कूलरजवळच्या तिच्या ठरलेल्या जागेवर बसायची, पण दोन वर्षं झाली होती, ताट, वाटी आणि खाली मान. धाकटी सात वर्षांची, ती मांडीवर चढून दोघींचं बोलून घेते. त्या सभेहून येताना मी ठरवून टाकलं. मेन स्विच खाली.

आता तुमची शाळा आठवते, नाना. धुळ्याचं ते मैदान, उन्हात पांढरं पडलेलं, लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तुम्ही खाकी टोपी काखेत मारून उभे आहात. मी वर्गाबाहेर ओणवा उभा आहे, का ते आता आठवत नाही, पण घाम नाकावरून टपकतोय आणि जमिनीवरचा तो ओला ठिपका बघता बघता वाळतोय, हे दिसतं. मला बिनघड्याळाचं समजायचं, तास संपायला किती वेळ उरलाय ते. आत पाढे चालले आहेत, अजून सतरा-अठराच चालू आहेत, म्हणजे बराच वेळ आहे. मान जरा वर करतो तर तुमची नजर माझ्यावर, आणि घंटा होते. पोरं दाणदाण बाहेर येतात, गुरुजी खडू ठेवतात, मी सरळ होतो. मग हेडमास्तर व्हरांड्यातून ओरडतात, "दहा मिनिटं आधी? शुद्धीवर आहात का?" तुम्ही मान खाली घालून म्हणता, "चुकी झायी साहेब." संध्याकाळी घरी जाताना तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मीही विचारलं नाही. नववीतून शाळा सोडून मी जळगावची गाडी धरली, तेव्हा स्टँडवर खिडकीतून शेंगदाण्याची पुडी देत एवढंच म्हणालात, "कान उघडा ठेवजो, बठ्ठं समजी." सगळं समजेल, हे मी तेव्हापासून धरून चाललो.

तसा मी माझी शाळा काढायला निघालो. वरची खोली रंगवली, फळा लावला, सात तासांचं वेळापत्रक चिकटवलं. गणित आणि भाषा बायकोकडे, विज्ञान माझ्याकडे. एकच गोष्ट बजावून सांगितली, घंटा नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचो, माझ्या घरात घंटा वाजणार नाही म्हणजे नाही. पाचोऱ्याचा एक जुना गिऱ्हाईक हसून म्हणाला, "घंटा नाही तर पोरी सुटायच्या कशा, शेठ? तुम्ही तर कारखान्यालाही सुट्टी ठेवलीय की रविवारची." आठव्या दिवशी बायकोनं फळा पुसता पुसता सांगितलं, "शाळा तिथून उचलून इथे आणलीत तुम्ही. फक्त चाळीसच्या जागी दोन पोरी. आणि मोठी इथेही भिंतच बघतेय." मी तिच्याकडून डस्टर घेतलं आणि वेळापत्रक काढून टाकलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर धाकटीनं एक बैल काढला, त्याला पाच पाय होते.

पुढचे महिने मला नीट वेगळे सांगता येत नाहीत. एकमेकांत वितळल्यासारखे झालेत. बायको सकाळी दोघींना पुस्तकं घेऊन बसवायची, पुढे परीक्षा बाहेरून देता येते याची चौकशीही तिनंच केली. दुपारी त्या माझ्याबरोबर. सावद्याला केळीच्या बागेत उतरलो की डोक्यावर हिरवं छत, खाली पाण्याची झुळझुळ, उजेडसुद्धा हिरवा, आणि त्या हिरव्या उजेडात मोठी एक पान सूर्याकडे धरून त्याच्या शिरा मोजत उभी. अजून गप्पच. पण भिंत बघत नव्हती.

मग एका दुपारी मी कॉइल भरत होतो. तुम्हाला ठाऊक नाही, तांब्याच्या तारेचे फेरे मोठ्यानं मोजत भरायचे असतात, आणि त्या वेळी शेडमध्ये कुणी बोलायचं नसतं. आकडा चुकला की सगळं उलगडा आणि पहिल्यापासून. डाव्या बाजूला तारेचं स्टँड होतं म्हणून मोठी स्टूल घेऊन माझ्या उजवीकडे बसली होती. मोजता मोजता फोन वाजला, मी घेतला, ठेवला, आणि आकडा गेला. कपाळाला हात लावणार तोच उजवीकडून आवाज आला, "बासष्ट."

मी मान वळवली नाही. वळवली तर उडून जाईल असं वाटलं. त्रेसष्ट, म्हटलं. ती म्हणाली, चौसष्ट. आम्ही दोघांनी ती कॉइल पूर्ण केली. त्या दिवशी तिला मी तुमच्या घंटेची गोष्ट सांगितली. ती ऐकून तार बोटाला गुंडाळत बसली. मग विचारलं, "आजोबांना माहीत होतं का, हेडमास्तर रागावतील ते?" मी म्हटलं, माहीत असणारच. ती म्हणाली, "मग आपल्याकडे पण घंटा लावा."

लावली. काय करता! एका जळक्या मोटरचं बिडाचं झाकण पेरूच्या झाडाला टांगलं. घंटा नाही म्हणणारा मीच शिडीवर, आणि पाचोऱ्याचा गिऱ्हाईक खाली शिडी धरून. नियम तिनंच केला. तिला काही विचारायचं असेल तर ती ठोका देणार आणि मी हातातलं सोडून यायचं. सोडून येतोही. परवा तीन वेळा आलो: पृथ्वी फिरताना आवाज करते का, चुंबकाला गंज लागतो का, आणि माय आपल्यासारखं का बोलत नाही, की आपण मायसारखं बोलत नाही. तिसऱ्याचं उत्तर माय स्वतः द्यायला उठली, आणि ते अजून चालू आहे.

मी सगळीकडे सांगत होतो की पोरीला आजोबांची गोष्ट लागली म्हणून घंटा हवी झाली. गेल्या आठवड्यात जेवताना धाकटीला म्हटलं, तू का नाही वाजवत ग? ती म्हणाली, "मला कशाला लागते? मी इकडून बोलते. ताई तिकडून बोलते ते तुम्हाला येतच नाही ऐकू. किती वेळा विचारायची, तुम्ही बघायचेसुद्धा नाही. मग तिनं सोडून दिलं." मोठी ताटात बघत होती. म्हणाली, "असू दे ग." एवढं मी ऐकलं, कारण तेव्हा कूलर बंद होता.

शाळेतही तिला असंच कुणी न ऐकता सोडलं असेल, की न बोलण्याची सवय तिला घरूनच लागून गेली, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. तिची जागा मात्र त्याच दिवशी बदलली. आता ती उजवीकडे बसते, आणि मायच्या म्हणण्यानुसार मला धड जेवू देत नाही.

तुम्हाला वाचून दाखवता येत नाही, आणि मायला दाखवावं तर ती ऐकायच्या आधीच दम देईल. म्हणून हा कागद फेऱ्यांचे आकडे लिहायच्या डायरीत ठेवतोय, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. काल डॉक्टरकडे जाऊन आलो, नाना. डाव्या कानानं मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.