बाहेर गेलेला रोट

माय, तापीला पूर आला तो माझ्यामुळे नव्हता. हे आधी सांगून टाकतो. एकोणीस वर्षं तुझ्याशी मनात बोलायला गेलो की मी याच वाक्यापाशी अडायचो, फक्त तेव्हा ते उलटं असायचं.

नागपंचमीनंतरचा रविवार. सुरतेच्या वेड रोडची आपली चाळ, खाली कापडाच्या लूमची खडखड, वर एक आपली खोली आणि तिला लागून तुझ्या थोरल्या दिरांची, म्हणजे आबांची. आदल्या दिवशी तू चक्कीवाल्याच्या डोक्यावर उभी राहून चक्की धुऊन घेतली आहेस, कारण दुसऱ्या कोणाच्या पिठाचा कणही त्यात चालत नाही. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून झाला आहे. त्या पिठाचे आपल्या खानदेशच्या कानबाईचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या. पाटावर नारळाची कानबाई, तिला नथ, तिला डोळे, आणि दर वर्षीप्रमाणे एक डोळा जरा खाली उतरलेला. मी दहा वर्षांचा आहे आणि त्या उतरलेल्या डोळ्याला घाबरतो. तू स्टोव्हपाशी बसून मला बजावतेस, "हाई रोट कोन्ले देवानं नही. येक कण बी बाहेर जावाले नको." मी विचारतो, बाहेर गेला तर? तू पोळपाटावरून मान वर करत नाहीस. "कानबाई कोपस."

बाहेरचा म्हणजे कोण, हे आबांनी ठरवून दिलेलं होतं. जो आपल्या भाऊबंदांतला नाही तो बाहेरचा. समोरचे जळगावकर मराठी बोलत, आपल्यासारखीच भरीत-भाकरी खात, पण कुळ वेगळं म्हणून बाहेरचे. कोपऱ्यातल्या खोलीतली चाची आणि तिचा नवरा बिहारकडचे मुसलमान, तेही बाहेरचे. कानबाईच्या लेखी दोघे अगदी सारखे परके. इतकी समता मी नंतर सुरतेत कुठे पाहिली नाही.

चाचीचा मुलगा माझ्याच वयाचा होता. त्या संध्याकाळी आम्ही जिन्यात बसलो होतो, आणि तुमच्या घरातून एवढा वास येतोय तर मला काय मिळणार, असं त्याने विचारलं. मी त्याला नियम सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "ईद को तूने तीन कटोरी सेवई खाई थी. मैंने गिनी थी. और तेरी देवी एक टुकड़ा नहीं देती? कंजूस है तेरी देवी."

माय, मी नियम मोडला तो भक्तीपोटी. देवीला कंजूस म्हटलेलं मला सहन झालं नाही. मी घरात आलो, तू पाठमोरी होतीस, मी चतकोर रोट चड्डीच्या खिशात कोंबला आणि जिन्यात नेऊन त्याच्या हातावर ठेवला. त्याने काय केलं ते पाहायला थांबलो नाही. पळालो.

सोमवारी वाजतगाजत कानबाई तापीच्या पाण्यात सोडली. त्यानंतर दोन दिवसांच्या आत पाणी तिच्याकडून आपल्याकडे आलं.

गच्चीवरचे ते दिवस मला अजून दिसतात. सबंध चाळ वर आलेली. ताडपत्री, स्टोव्ह, गाद्या, आणि चाचीच्या नवऱ्याने खांद्यावर घालून वर आणलेला, पुढच्या बकरी ईदसाठी पाळलेला काळा बोकड. खाली लूम बुडलेले. सुरतेला इतकं शांत मी त्याआधी ऐकलं नव्हतं. करायला काही नसल्यामुळे मोठी माणसं कारण शोधत होती. लूमचा काठियावाडी मुकादम म्हणाला, "पाप बहु वधी गयुं छे." कोणाचं पाप वाढलं ते त्याने सांगितलं नाही, पण पाहिलं कारखान्याच्या मालकाच्या बंद खिडकीकडे. ओडिशातल्या गंजामकडच्या एका कारागिराला गावी नारळ फोडायचा राहिला होता. प्रत्येकाकडे एकेक रागावलेला देव होता आणि प्रत्येकाचं म्हणणं होतं की एवढं सगळं पाणी आपल्याच देवाने पाठवलं. मग आबा बोलले. चौफेर नजर फिरवून, एकेका शब्दावर दाब देत. "कोना तरी घरना रोट बाहेर ग्या."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू पदर तोंडावर घेतलास, मान खाली घातलीस आणि तुझे खांदे हलायला लागले. तुला कळलं आहे, हे मला तेव्हाच समजलं. माझ्या खिशात त्या सकाळपर्यंत रोटाचा चुरा होता. तू रडत होतीस आणि मला वाचवायला गप्प होतीस.

पाणी उतरलं, चिखल राहिला, चिखलामागून ताप आला. तिसऱ्या आठवड्यात तू गेलीस. दवाखान्यात तू माझ्या केसांतून हात फिरवलास आणि नखं वाढली आहेत म्हणून रागावलीस. मी सांगणार होतो. नखं कापून आलो की सांगू, असं ठरवलं.

त्यानंतर मी काय झालो ते तुला ठाऊक नाही. सोळाव्या वर्षी मी नास्तिक झालो. पुस्तकं वाचून झालो असं मी लोकांना सांगायचो, आणि पुस्तकं वाचलीही. कॉलेजात वाद घातले. आता डिंडोलीच्या ज्या शाळेत मराठी शिकवतो तिथे परीक्षेआधी पेनांची पूजा करतात, तेव्हा मी बाजूला उभा राहून तोंड वाकडं करतो. मुलांना त्याची सवय झाली आहे. पण खरं कारण साधं होतं. देवी असली तर मी एक शहर बुडवलं होतं आणि तुला मारलं होतं. देवी नसली तर मी फक्त मित्राला पोळीचा तुकडा दिला होता. मी देवी नसलेली बरी असं ठरवलं. तो माझा विचार नव्हता, बचाव होता. आणि बचाव करणाऱ्या माणसाला झोप लागते, पण हलकी.

यंदा आषाढात आबांचा फोन आला. "मन्हा गुडघा ग्यात. आते रोट तुन्हा घर." मी म्हटलं, बघू. फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं की आपल्याकडे हे होणार नाही, माझा विश्वास नाही. ती भाजी चिरत होती. तिचं माहेर धुळ्याचं, तिला कानबाई नवी नाही.

"विश्वास नाही तर कर की," ती म्हणाली. "पोरीच्या वाढदिवसाला फुगे लावतोस, फुग्यांवर विश्वास आहे तुझा?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? फुग्यांना तू घाबरत नाहीस. एवढंच."

ती पुन्हा भाजी चिरू लागली. मला तो जिना आठवला. या जगात माझ्या गुन्ह्याला एकच साक्षीदार होता, चाचीचा मुलगा, आणि तो जिवंत आहे की नाही हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं. त्या तुकड्यानंतर त्याच्या घराचं काय झालं असेल याचीही मला भीती होती.

तो सापडायला दोन फोन पुरले. इच्छापोरला एका ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो. पुरानंतर काही वर्षांनी त्यांना कोसाडला घर मिळालं, चौथा मजला. "अम्मी तुझे रोज़ याद करती है," तो म्हणाला. हे खोटं असणार, पण ऐकून बरं वाटलं.

चाची खाटेवर बसून साड्यांचे सुटलेले धागे कापत होती. पूर्वी तू आणि ती मिळून कापायचात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दुबला ही रहा." मग चहा, मग बिस्किटं, मग तिची शुगर, मग माझी मुलगी. मी तासभर बोलू दिलं आणि मग, वर्गात चुकलेलं पोरगं सांगतं तसं, सगळं एका दमात सांगून टाकलं. रोट, जिना, खिसा, गच्ची, तू.

मित्राने चहाचा कप खाली ठेवला. "वो टुकड़ा?" तो म्हणाला. "भाई, बुरा मत मानना. उसमें न नमक था न शक्कर. गले में अटक गया. मैंने बकरे को दे दिया."

"बकरे को?"

"पूरा. बड़े शौक से खाया."

मी हसलो नाही. मी खरोखर विचार करत होतो की बोकड भाऊबंदांत येतो की नाही. तेरा वर्षं नास्तिक असलेला माणूस चौथ्या मजल्यावर बसून हा विचार करत होता.

चाचीने कात्री खाली ठेवली. "तू इतने साल इसके पीछे रोया? पागल. तेरी अम्मा तो हर साल देती थी मुझे. कटी हुई साड़ियों की गठरी में छुपाकर. दो रोट, और ऊपर से बोलती, कद्दू की सब्ज़ी के साथ खाना, नहीं तो सूखा लगेगा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी गच्चीचं विचारलं. आबा बोलले तेव्हा तू रडत होतीस ना, असं.

"रो रही थी?" चाची म्हणाली. "हँस रही थी! मेरे पेट में वही रोट, और तेरे आबा मेरे सामने बैठके सबको घूर रहे. उसने मुझे यहाँ चिकोटी काटी." तिने दंड दाखवला, जणू वण अजून तिथे होता. "बाद में मैं ही डर गई. मैंने पूछा, बाई, सच में मेरे कारण तो नहीं? तो बोली, नौ साल से दे रही मैं. देवी को आज मालूम पड़ा क्या?"

माय, मी त्या घरात रडलो. चाचीने रडू दिलं आणि पुन्हा कात्री घेतली, कारण संध्याकाळी गठरी न्यायला माणूस येणार होता. तू घाबरली नव्हतीस. गच्चीवर घाबरला होता तो मी एकटा, आणि मी ज्याला तुझं रडणं समजलो ते हसू होतं. मला म्हणालीस, येक कण बी बाहेर जावाले नको, आणि गठरीत दोन रोट बांधलेस. हे एकाच दुपारी, त्याच पिठाच्या हातांनी. मी आयुष्यभर तुला भोळी समजलो आणि त्याबद्दल मनात मोठेपणाने तुला माफ करत आलो. मी माफ करावं असं काही नव्हतंच.

निघताना मी बोकडाचं विचारलं. ईदला गेला असणार. मित्राने नकारार्थी मान हलवली. कुर्बानीला लंगडं जनावर चालत नाही, आणि पुरानंतर त्याचे वडील सगळ्यांना सांगत सुटले की बोकड लंगडतोय. कोणी आलं की बोकड दोराने असा बांधायचे की त्याला सरळ उभंच राहता येऊ नये. ईद झाली तसा तो बरा झाला. पुढे कितीतरी वर्षं जगला, आणि चाचीचे दोन पडदे खाऊन म्हातारपणाने मेला. "अब्बा बोलते थे, साथ में डूबते-डूबते बचा है, इस पे कौन छुरी चलाए."

म्हणजे चाळीच्या त्या दोन घरांत देवाचा कायदा कडक मानणारा मी एकटाच निघालो, आणि नास्तिकही मीच.

रोट परवाच्या रविवारी आपल्याकडे झाला. बायकोने सगळं नीट केलं, मी गहू मोजले. मूठ माझी धरायची की आबांची यावर थोडं भांडण झालं. आबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. नाशिकच्या चुलतभावाने व्हिडिओ कॉलवर दर्शन मागितलं, तेव्हा फोनातून रोट बाहेर जातो का, असा प्रश्न पडला. रविवारीही ड्युटी असल्याने त्याच्या मागे त्याच्या ऑफिसातली माणसं दिसत होती. आबांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "दाखाडाले चालस. खावाले नही." मी जोरात हसलो. आबाही हसले. त्यांना वाटलं मला पटलं. माझ्या मुलीने विचारलं, "पप्पा, आ आँख नीचे केम छे?" मी म्हटलं, तुझ्या आजीच्या वेळेपासून ती तशीच आहे. मला त्या डोळ्याची भीती वाटली नाही. कंटाळलेल्या बाईचा वाटला तो, किंवा काणाडोळा करणाऱ्या बाईचा.

माझा विश्वास बसलेला नाही, हे सांगायला हवं. कानबाई नारळच आहे. पण आता ती नसावी अशी माझी गरज उरलेली नाही. ती नाही, इतकंच. दोन्हींत किती अंतर आहे ते मला या महिन्यात कळलं. झोप चांगली लागते.

संध्याकाळी मी दोन रोट डब्यात घातले, वेगळ्या डब्यात भोपळ्याची भाजी, आणि साड्यांची गठरी नव्हती म्हणून सगळं हेल्मेटच्या पिशवीत ठेवलं. आबांना सांगितलं, पेट्रोल भरून येतो. हे पत्र वहीच्या मधल्या पानांत राहील. कुठे पाठवायचं हा प्रश्न नाहीच, ते फक्त आबांच्या हाती लागायला नको.

आणि एक. कोसाडला जायला तापी ओलांडावी लागते. पुलाच्या मध्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि फोनवर उकाई धरणाची पातळी पाहिली. जाताना एकदा. डबा रिकामा करून येताना पुन्हा एकदा.

पाणी रोजच्याइतकंच होतं.