टाचेतली गळती आणि बोटाचा प्रश्न

ती. ताईस,

धाकट्या भावाचा एका हाताचा नमस्कार (दुसऱ्यात सलाईनची सुई आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून हे पत्र भावोजींच्या हाती पाठवतोय.

घडलं ते असं. कामावर गंजकी तार डाव्या टाचेत पाऊण इंच घुसली. एकोणतीस वर्षं नळकाम करतोय, तेही स्वतःच्या अकलेवर शिकून. भोक दिसलं की बुजवायचं, एवढं कळतं. नळाच्या सांध्यांना लावतो तो धागा आणि सफेदा भरून टाच पक्की बंद केली. (थेंबभर गळती राहिली नाही, हे माझे शत्रूही मान्य करतील.) त्यात घाणही आत कोंडली गेली, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, पाय भोपळ्यासारखा सुजला आणि मला इथे इस्पितळात उचलून आणलं.

इथे नवंच. तार टाचेत, आणि काळं पडलं अंगठ्याशेजारचं बोट! (काळं नाही, गर्द जांभळं, मी डॉक्टरीणबाईंना तीनदा दुरुस्त केलं.) बाई म्हणाल्या, "काका, विष रक्तात भिनलं की शरीर चवताळतं. त्या भडक्यात केसाएवढ्या रक्तवाहिन्या आतून दुखावतात, रक्त जागोजागी गोठतं आणि टोकापर्यंत पोचतच नाही." मी म्हटलं, "मग सुई टोचली तिथलं रक्त थांबत का नाही? एक काय ते ठरवा!" तर म्हणे, गोठवायचं सामान त्या बारीक गुठळ्यांतच संपून जातं. हे मात्र पटलं. सगळा धागा पाव इंची नळ्यांत खर्च केला, तर मोठ्या सांध्याला काय डोंबल लावणार? (बाई आता हा दृष्टान्त शिकाऊ डॉक्टरांना सांगतात, माझं नाव न घेता.)

पण पटलं म्हणून बोट कापू देईन? मुळीच नाही! ताप उतरला, बाकीची चार बोटं फिकटली होती, ती गुलाबी झाली; पाचवंही येईल वळणावर. सिस्टर विचारतात, "काका, टाचेबरोबर अक्कलही बुजवलीत का?" विचारू देत. बोट कापायच्या संमतीच्या कागदाला मी हात लावलेला नाही.

तुझा, तसूभरही न वाकलेला,
धाकटा

ता. क. सही केली. बोटाला टाचणी टोचली, ती मला कळलीच नाही. थांबलो तर पाऊल जाईल म्हणतात.

ता. क. (दुसरा) गुरुवारी साडेदहाला नेणार आहेत. तू नऊला ये. "मी सांगितलं होतं" हे एकदाच म्हण, पण आत नेण्याआधी म्हण. म्हणजे भांडत भांडत जाईन. गप्प जायची मला भीती वाटते.