या मार्चात बी आलं नाही

सोस्नोव्का, १७ ऑगस्ट

प्रिय रिम्मा,

अनेक आशीर्वाद. थोरली आहे, तेव्हा आशीर्वाद देण्याचा हक्क अजून शाबूत असावा असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. शेजारची कापा, शाळेत तुझ्या वेण्या ओढायची तीच, तीही ठणठणीत आहे आणि तिची जीभ तर त्याहून. पाऊस फार झाला. अख्ख्या जुलैत ऊन पडलं ते मोजून चार दिवस. कालपासून सकाळी तोंडातून वाफ दिसायला लागलीय, म्हणजे आमचा उन्हाळा आटोपलाच. तुमच्याकडे दक्षिणेत, कुबानात लोक अजून घामाच्या धारा पुसत असतील.

बारा वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात हवापाणी सांगायचं, हे माझं मलाच कळतंय. याआधी तीन कागद फाडले. तिन्हींत नुसता पाऊसच होता.

झुकिनी मात्र यंदा उदंड झाली. आठ रोपं लावली होती. एकट्या बाईला दोन पुष्कळ झाली असती, पण आई आठ लावायची म्हणून हात आठवर गेल्याशिवाय थांबत नाही. खाणारं तोंड एक. गाजर-कांद्याबरोबर शिजवून, घोटून बरण्या भरतेय, तळघराच्या फळ्या भरल्या. चार कापाच्या पायरीवर ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी त्याच चार माझ्या पायरीवर! वर कुंपणापलीकडून ओरडली, "पुन्हा आणून टाकल्यास तर पोलिसांत देईन हां, तैसिया!"

जुलैत गारठ्यानं मधमाश्या बाहेर पडल्याच नाहीत. मग रोज सकाळी मीच नरफूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मादीफुलांत फिरवायचं. कापानं ते पाहिलं. "काय गं, सकाळी सकाळी लग्नं लावतेस? साऱ्या वाफ्याचं जमवलंस, स्वतःचं तेवढं राहिलं बघ!" मी म्हटलं, "तुझं जमलं होतं ना? काय दिवे लागले?" दोघी खूप हसलो. मग ती घरात गेली, आणि त्या दिवशी मी आणखी कुणाशीही बोलले नाही. असे दिवस आता बरेच असतात. कधी कधी आपला आवाज आहे की गेला ते बघायला मी मांजराला हाक मारते. मांजर कापाचं आहे, ते येत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते.

आई गेली त्या फेब्रुवारीनंतर दर मार्चात तुझं पाकीट यायचं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, पुडीवर तुझ्या अक्षरात ‘झुकिनी’ आणि साल. अशी अकरा आली. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. एकही बी पेरलं नाही. चहाच्या डब्यात टाकून डबा कपाटावर ठेवला. मला वाटायचं, तू खिजवतेस. तुमच्याकडे बी फेकलं तरी वेल होतो, आणि आम्ही इथे एका फळासाठी जून-जुलै देवाचा धावा करतो. दक्षिणेचं बी इथे जगत नाही हे तुला काय ठाऊक नव्हतं?

या मार्चात पाकीट आलं नाही.

पहिले आठ दिवस म्हटलं, बरं झालं, थकली एकदाची. मग रोज पोस्टवाल्या बाईच्या वाटेवर डोळे लावून बसू लागले. एप्रिल उलटला. तुझा जुना नंबर फिरवला, तर कुणा पोरीनं उचलला. म्हणाली, "आजी, इथे कुणी रिम्मा नाही." कापाला सांगितलं तर ती खेकसलीच. "बी आलं नाही म्हणून काय रडतेस? बहीण आहे का नाही ते विचार आधी!" पण लिहिलं तरीही नाही. पत्र परत आलं तर, याची भीती वाटत होती.

मे महिन्यात बघते तर माझं पेरायचं बी उंदरांनी खाल्लेलं. मग डबा खाली काढला. अलीकडच्या तीन सालांच्या पुड्या सोडल्या, बी ओल्या फडक्यात बांधलं आणि चार दिवस झग्याच्या आत छातीशी बाळगलं, आई करायची तसं. पाचव्या दिवशी पांढरे मोड आले. खिडकीत रोपं केली, आणि जूनच्या मध्याला लावली.

पहिलं फळ धरलं तेव्हा मी वाफ्यातच बसले. फिकट, जवळजवळ पांढरं, खाली पोट सुटलेलं, देठाशी पाच कंगोरे. रिम्मा, ते आईचं होतं. तिच्या आईकडून आलेलं, इथल्या गारठ्यात चाळीस दिवसांत धरणारं. मी समजत होते की ते बी संपलं. आईनं तुझ्याकडे जाताना नक्कीच रुमालाच्या गाठीत नेलं असणार.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या गल्लीत घरोघरी भोपळे. भोपळ्याशेजारी झुकिनीचं बी शुद्ध राहत नाही, एका वर्षात बिघडतं. म्हणजे तू दर उन्हाळ्यात कळ्या उमलायच्या आधी दोऱ्यानं बांधल्यास, सकाळी सोडून हातानं परागण केलंस, पुन्हा बांधल्यास. अकरा उन्हाळे! जी बहीण उत्तरसुद्धा देत नाही तिच्यासाठी. मी त्या दिवशी फार रडले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर हाही कागद फाडेन.

आई तुझ्याकडे गेली त्या जूनमध्ये रानचेरीचा बहर झडला होता. बहर झडला की थंडी गेली, हे तर आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. पण रेडिओवर हिमाचा इशारा होता, म्हणून मी रोपांवर पांघरुणं घातली आणि पाव आणायला गेले. आई तेव्हा बरंचसं विसरायची. बहराचं मात्र विसरली नव्हती. माझ्यामागे तिनं सगळी पांघरुणं काढून नीट घड्या घालून ठेवली. मी आले, थकले होते, वाफ्याकडे पाहिलंच नाही. सकाळी सगळी रोपं काळी पडलेली. ती पायरीवर उभी होती. म्हणाली, "बहर झडला होता गं, तैसिया. खरंच झडला होता."

मी काय म्हणाले ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "मला तू आता होत नाहीस. जा रिम्माकडे. जा, तिला निस्तरू दे."

तिनं दुपारी तुला फोन केला. म्हणाली, हाडं उन्हात शेकावीशी वाटतात, मला न्यायला ये. मी शेजारच्या खोलीत होते. एकेक शब्द ऐकला आणि तिथेच बसून राहिले. तू आलीस, तिला घेऊन गेलीस, मी फाटकापर्यंतही आले नाही. आणि फेब्रुवारीत ती गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी किंचाळले की तू तिला फूस लावून नेलंस, त्या परक्या मातीत मारलंस. तू म्हणालीस, "ताई, तिनंच बोलावलं होतं मला." मी फोन ठेवला. मातीला आले नाही. गावाला बारा वर्षं हेच सांगत आले की रिम्मानं आईला नेलं. इतक्यांदा सांगितलं की कधी कधी मलाही खरं वाटायचं.

आपण नेलं नसतं तर ती जगली असती, असं तुझ्या मनात असेल तर ते आजच काढून टाक. ते ओझं तुझं नव्हतंच. मी ते तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि इथे आरामात बसले. आरामात म्हणजे काय, ते जाऊ दे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावीशी वाटेल, तू तशीच आहेस.

९ सप्टेंबरचं गाडीचं तिकीट काढलंय. कापाला काल सगळं सांगितलं. हे पत्र माझ्या आधी पोचेल. मी फाटकाशी उभी राहीन. दार उघडायचं की नाही ते तुझ्यावर. न उघडलंस तरी आत दिवा दिसला, की मला पुरे. आणि तू नसशीलच, तर शेजाऱ्यांना विचारून आईकडे जाईन, आणि मग तुझ्याकडेही.

तू अस, रिम्मा. एवढंच कर.

जिनं आईला ‘जा’ म्हटलं ती,
तुझी थोरली
तैसिया