ऐरावताचे पट्टे आणि मैदानाकाठचे घर यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसायाने मैदानाचा माळी, शिक्षणाने संस्कृतचा पदवीधर आणि म्हणून सगळ्यांचा ‘शास्त्रीबुवा’, आज पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने माझ्या पश्चात काय कोणाला जावे हे लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय ठीक आहे. तक्रार कंबरेची आहे, आणि कंबरेने माणूस मरत नाही, नुसता वाकून राहतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी समोर शेंगा सोलत बसली आहे आणि दर दोन ओळींनी “काय लिहिलंत?” असे विचारते आहे; याला कायदा दडपण म्हणत नसावा.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्याच्या मृत्युपत्रात सव्वीस वर्षे राहत होतो, त्यामुळे स्वतःचे करायचे सुचले नाही.

कलम १. घर माझ्याकडे कसे आले.

हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधले. ते या मैदानाचे पहिले माळी. मैदान इतके लांब की एका टोकाने हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस “काय?” एवढेच म्हणतो. हाताने हे गवत कापणे अशक्य, म्हणून त्यांनी बसून चालवायचे गवतकापणी यंत्र घेतले. माझ्या शाळेने संस्कृतचा वर्ग बंद केला (शेवटी दोनच विद्यार्थी उरले होते, त्यांतला एक चुकून आलेला), तेव्हा आम्ही नवराबायको इथे चार महिन्यांसाठी राहायला आलो. सासरे म्हणाले, “जावईबापू, माझे गुडघे बरे होईपर्यंत जरा गाडीवर बसता का? तात्पुरतं.” गुडघे बरे झाले नाहीत. ते गेले, आणि त्यांचे मृत्युपत्र वाचले गेले: घर जावयाला, जावयानंतर तो ज्याचे नाव घालील त्याला, मात्र ज्याच्याकडे घर, त्याने याच यंत्राने मैदान कापत राहायचे. एक हंगाम गवत वाढले, की घर मैदान समितीचे.

ऐकताना वाटले, यात काय मोठे? आठवड्यातून दोनदा बसायचे, चालवायचे, उतरायचे. यांतले उतरायचे हे त्यांनी लिहिलेले नव्हते, हे पुढे लक्षात आले.

कलम २. यंत्र.

यंत्राचे नाव मी ऐरावत ठेवले. आवाज, वास आणि खाणे या तिन्ही बाबतींत ते शोभते. वर बसणारा तेवढा इंद्र नाही. इंजिनापासून खालच्या पात्यांपर्यंत एक रबरी पट्टा जातो. तो फिरतो म्हणून पाती फिरतात, पाती फिरतात म्हणून आम्ही या घरात. इतरांच्या यंत्रांत असा पट्टा दोन हंगाम टिकतो. आमच्यात तीन आठवडे. आधी जळक्या रबराचा वास, मग फटकन आवाज, मग शांतता.

समिती इंधन देते, पट्टे घराने सोसायचे. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने मला साधा पट्टा विकला, मग जाड, मग आत दोरे घातलेला, मग “हा घ्या, हा तुमच्या नातवाला पुरेल” असा एक, जो एकोणीस दिवस पुरला. मी बेअरिंगे बदलली, पाती बदलली, पात्यांची अख्खी पेटी बदलली. पगारातला किती भाग या यंत्राच्या पोटात गेला याचा हिशेब मी ठेवला नाही. पत्नीने ठेवला आहे, तो तिच्याकडेच राहावा.

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, मागच्या गल्लीत राहतो आणि दर रविवारी गवतावरच्या रेषा सरळ आहेत का ते पाहायला येतो.

“दाजी, परत तुटला?”

“परत.”

“बाबांच्या हातात कधी तुटला नाही.”

“तेव्हा गाडी नवी होती.”

“गाडीचं काय घेऊन बसलात? हात लागतो. तुमचा हात पुस्तकाचा.”

हे वाक्य मी हजारएक रविवार ऐकले आहे. त्याबद्दलची तरतूद पुढे आहे.

कलम ३. लाल नट. (हे कलम कबुलीजबाब समजावे.)

सासऱ्यांनी एकदा ऐरावत कुंपणाच्या खांबावर घातला होता. पट्टा ताणून धरणारी जी लहान पुली असते, तिचा आधार त्यात वाकला. त्यांनी तो हातोडीने अंदाजाने सरळ केला, नट आवळला, त्याला लाल रंग फासला आणि घरात जाहीर केले, “याला कुणी हात लावायचा नाही. मी स्वतः बसवलाय.” त्यांच्यानंतर त्या नटाला देवघराचा दर्जा आला. यंत्र धुतानासुद्धा आम्ही त्याच्या कडेकडेने फडके फिरवीत असू. मिस्त्री आला की मेहुणा आधी बजावायचा, “तेवढा लाल सोडून काय ते करा.”

इथे आल्यावर चौथ्या वर्षी मी यंत्राखाली उताणा पडलो असताना मला दिसले की ती पुली अर्ध्या बोटाने तिरकी आहे. पट्टा दर फेऱ्याला तिच्या कडेवर घासतो. बाकी सगळे ठीक आहे. नट सैल करायचा, आधार सरळ करायचा, अर्ध्या तासाचे काम.

मी ते केले नाही. कोणाला सांगितलेही नाही.

कारण असे, की पट्टा तुटला की नवा यायला दोन दिवस लागत. ते दोन दिवस मैदान कापणे शक्यच नसे, आणि त्याबद्दल मला कोणी, दिवंगत सासरेसुद्धा, बोल लावू शकत नसे. मी मागच्या खोलीत दार लावून वाचत बसे. मुदतीच्या कैद्याला रजा मिळते. माझी मुदत लिहिलेली नव्हती, म्हणून मी रजा विकत घेत होतो. इथे आल्यापासून जे काही माझे वाचून झाले, ते त्या तिरक्या पुलीच्या कृपेने.

पत्नीने आत्ताच विचारले, “आता काय लिहिलंत?” मी वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मी हो म्हटले. शेंगा सोलणे थांबले आहे.

पुन्हा सुरू झाले आहे. आवाज वेगळा आहे.

कलम ४. मुलगी.

माझी एकुलती एक मुलगी चोवीस वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी तिने मिस्त्रीच्या शेजारी उकिडवे बसून पट्टा घालायला शिकून घेतले, आणि मला न विचारता तीन पट्टे आणून खिळ्याला टांगून ठेवले. त्यानंतर पट्टा तुटला की ती वह्या टाकून येई, यंत्राखाली सरकत जाई आणि वीस मिनिटांत म्हणे, “बस बाबा, झालं.” सगळे तिचे कौतुक करीत. मीही केले. माझी दोन दिवसांची रजा वीस मिनिटांवर आली होती.

तेव्हा तोंड उघडायला हवे होते. पण उघडले असते तर आधीच्या वर्षांचा जाब द्यावा लागला असता, म्हणून मी थोडे थांबलो. ते थोडे नऊ वर्षांचे झाले. शेवटच्या परीक्षेच्या सकाळीही ती त्या यंत्राखाली होती आणि नखांतले काळे वंगण घेऊन पेपरला गेली. मी दारात उभा राहून तिला ‘विजयिनी भव’ म्हटले. त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

ती नकाशे काढते. इथून दिवसभराच्या प्रवासावर एक मोजणी कार्यालय आहे, त्यांनी तिला आरेखक म्हणून बोलावले. तिने ‘येत नाही’ असे कळवले. त्यांनी पुन्हा लिहिले: येत्या सोमवारी या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. मी विचारले.

“नाही का म्हणालीस?”

“तुझी कंबर बघ जरा. पट्टा कोण घालणार?”

“मिस्त्री घालील.”

“दर तीन आठवड्यांनी? आणि घराचं काय? तुझ्यानंतर त्या गाडीवर कुणीतरी बसायला हवं ना. आईला काय समितीच्या दारात बसवायचं?”

“मग तुझे नकाशे?”

“काढीन की इथंच, जमेल तसे. तात्पुरतं आहे रे, बाबा.”

हे ती पेन्सिलीला टोक करता करता बोलली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हते. असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

कलम ५. मंगळवारी काय केले.

मंगळवारी मुलगी बाजारात गेलेली पाहून मी मिस्त्रीला बोलावले आणि लाल नट खोलायला सांगितला. तो दोन पावले मागे सरला.

“तुमचे मेहुणे?”

“त्यांना मी बघतो.”

रंग खरवडून त्याने नट काढला, पुली हातात धरून पाहिली.

“शास्त्रीबुवा, हे असं कुणी बसवलं?”

“सासऱ्यांनी.”

“आणि इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही?”

“दिसलं.”

त्याने माझ्याकडे पाहिले, हात पुसले आणि आधार सरळ करून दिला. जाताना म्हणाला, “आता दोन हंगाम तरी पट्ट्याकडे बघायला नको.” हे त्याने आनंदाची बातमी म्हणून सांगितले.

काल, बुधवारी, मी सबंध मैदान कापले. पाच तास. वास नाही, आवाज नाही. प्रत्येक वळणावर कान देऊन ऐकत होतो. पट्टा पठ्ठ्यासारखा फिरत राहिला. आता माझ्याजवळ उतरायला काही कारण नाही, आणि मुलीजवळ थांबायला एक कमी आहे. उरलेले दुसरे कारण पुढच्या कलमात काढून टाकतो.

कलम ६. वाटणी.

(अ) घर आणि ऐरावत, दोन्ही माझ्यानंतर मेहुण्याला. सासऱ्यांची अट त्याला जशीच्या तशी लागू. मागच्या दोन खोल्यांत त्याची बहीण, म्हणजे माझी पत्नी, हयातभर राहील, आणि तिच्या खोल्यांची किल्ली तिच्याकडेच राहील; हे मान्य नसेल तर घर समितीला जावे. मेहुण्याला काल विचारले. “कापीन की, त्यात काय मोठं?” तो म्हणाला. क्षणभर त्याच्या जागी मला सव्वीस वर्षांपूर्वीचा मी दिसलो आणि त्याला सगळे सांगावेसे वाटले. पण मग तो म्हणाला, “माझ्या हातात पट्टा तुटायचा नाही, दाजी.” आता खरेच तुटणार नाही. याचे श्रेय तो स्वतःला घेईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही, असे मी लिहिले आहे, पत्नी हसली.

(आ) बँकेतले जे काही उरेल ते, भांडी, कपाटे आणि माझी सर्व पुस्तके पत्नीला. पुस्तके तिने विकली तरी चालतील. घासाघीस माझ्यापेक्षा तिला चांगली येते.

(इ) पान्यांचा संच मिस्त्रीला द्यायची इच्छा होती. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि वकिलाने सांगितले की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून संच यंत्राबरोबर मेहुण्याकडे. मिस्त्रीने रागावू नये.

(ई) दुकानदाराला मी मनातल्या मनात चोर म्हणत आलो, तो शब्द परत घेतो. पट्टे चांगले होते.

(उ) माझ्या मुलीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. घर नाही, घराचा कोपरा नाही, यंत्र नाही, खिळ्यावरचे पट्टे नाहीत. हे विसरून राहिलेले नाही, विचार करून लिहिले आहे. तिला जे द्यायचे होते ते आज सकाळी हातात दिले: माझा मोठा शब्दकोश, प्रवासाची बॅग आणि कलम तीनमध्ये लिहिले आहे ते सर्व, तोंडाने. ऐकून ती उठून बाहेर गेली. मैदानाला दोन फेऱ्या घालून आली आणि पाणी प्यायली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे करू नये. लिहून होताच मुलीच्या हातात द्यावे, म्हणजे इथे तिच्यासाठी राखून ठेवलेले काही नाही, हे तिला माझ्या मरणाची वाट न पाहता कळेल. मी मात्र जमेल तोवर मैदान कापीन. पत्नीने या सर्वाची अंमलबजावणी करावी. आजवर तीच करीत आली आहे.

जिला काही मिळत नाही तिला साक्षीदार होता येते, हेही वकिलाला विचारून घेतले आहे. दोन्ही साक्षीदारांच्या व्यवसायाची जागा मी कोरी सोडली आहे. ती ज्याची त्याने भरावी.

स्थळ: मैदानाकाठचे घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार, दुपार.

(सही) शास्त्रीबुवा, मैदानाचा माळी

आमच्यासमोर सही झाली. सही करणारा शुद्धीवर होता.

साक्षीदार पहिला: (सही) मिस्त्री
व्यवसाय: यंत्रदुरुस्ती. पाने मला नकोत, माझे आहेत.

साक्षीदार दुसरी: (सही) लिहिणाऱ्याची मुलगी. वरचे सगळे दोनदा वाचले. फार राग आला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही.
व्यवसाय: मोजणी कार्यालयात आरेखक, सोमवारपासून.