वरचे सहा दात

प्रिय दादा,

चार वर्षांनी तुझा मेसेज आला आणि त्याच्या सुरुवातीलाच 'डॉक्टर मॅडम' वाचून मी दवाखान्यात एकटीच मोठ्याने हसले. जिला तू जन्मभर 'ए शेंबडे' म्हणून हाक मारलीस, ती एकदम मॅडम! अडलं की माणूस किती सभ्य होतो बघ. तू पाठवलेले एक्स-रे मी दोनदा पाहिले. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून, दुसऱ्यांदा निव्वळ मजा म्हणून. आठ दातांच्या मुळांशी हाड अर्ध्याच्या खाली उतरलंय. खालचे पुढचे दात जिभेने हलतात, सकाळी उशीवर रक्ताचे डाग असतात आणि तू बोलायला लागलास की वहिनी तोंड फिरवते, हे तूच लिहिलंयस. दात वाचतील का आणि मी वाचवीन का, असे दोन प्रश्न विचारलेस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सगळे वाचतील, पण आत्ता सुरुवात केली तर. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते, तोवर जरा कळ काढ.

मला गंमत याची वाटते, की तुला आता सुरी नको. लोकांच्या हिरड्या कापून, उघडून, शिवून तू नाव कमावलंस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा म्हणे कापाकापीची भीती वाटते. माझ्या उपचाराला तू काय म्हणायचास, आठवतं? मोरी घासणं. असिस्टंटसमोर म्हणायचास आणि तीही बिचारी हसायची, कारण तेव्हाच्या आपल्या दवाखान्याचा मालक तू होतास. हिरडीखाली काडीएवढा बारीक कॅमेरा सरकवायचा, पडद्यावर मूळ मोठं करून बघायचं, आणि यंत्राच्या थरथरत्या बारीक टोकाने तिथलं कीटण कणाकणाने सोडवायचं. कापणं नाही, टाके नाहीत. मग दर तीन महिन्यांनी पेशंटला बोलवत राहायचं. तू म्हणायचास, इतका रिकामा वेळ तुझ्यासारख्यांनाच असतो. आज त्याच रिकाम्या वेळातला थोडा तू मागतोयस.

बाबांचं प्रकरण तुला आठवत नसेल असं मी समजून चालते, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनी अडतीस वर्षं वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवलं. त्या वाद्याचं टोक वरच्या पुढच्या दातांवर टेकतं, हे त्यांनी आपल्याला लहानपणी दातांत पेन्सिल धरायला लावून शिकवलं होतं. त्यांचे खालचे पुढचे दात हलायला लागले, पू यायला लागला, म्हणून आपण दोघांनी मिळून त्यांच्या हिरड्या मोजायला घेतल्या. मी खुणांची सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घालून खोली सांगत होते आणि तू लिहून घेत होतास. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, सहाच्या पुढे वाईट. असिस्टंट जेवायला गेली होती, म्हणून कागद तुझ्या हातात आणि फोन मान वाकडी करून खांद्यावर. नेहमी आपण वरच्या जबड्यापासून सुरू करायचो. त्या दिवशी बाबांना खाली ठणकत होतं, म्हणून मी खालून सुरू केलं, आणि तसं स्पष्ट सांगितलं. तू मात्र हाताच्या सवयीने वरच्या ओळीपासून भरत गेलास. खालचे सगळे आठ-आठ, नऊ-नऊ वरच्या दातांच्या नावावर गेले.

दुसऱ्या दिवशी मी याच उपचारातलं पुढचं शिकायला दोन दिवस बाहेरगावी गेले. मी परत येऊन दात न काढण्याकडे बाबांचं मन वळवीन ही तुला धास्ती, म्हणून तू थांबला नाहीस. एक्स-रे दिव्यासमोर धरायचेही कष्ट घेतले नाहीस. कागदावर वरचेच जास्त बिघडलेत असं बाबांना सांगून एका बैठकीत वरचे पुढचे सहा दात काढलेस. पक्के दात होते, दादा. पक्का दात किती झगडतो, हे मी तुला सांगायला नको. मी परत आले तेव्हा खालचे सडके दात जागच्या जागी होते आणि बाबा तोंडात कापूस धरून मला हाताने ठीक आहे अशी खूण करत होते. तू मला एक्स-रेच्या खोलीत नेलंस आणि बजावलंस, की बाबांना कळलं तर ते खचतील. मी गप्प बसले. तो भित्रेपणा माझा आहे, त्याचं खापर मी तुझ्यावर फोडणार नाही.

बाबा दोन महिने कवळी लावून वाजवायला बसायचे. फुंकर मारली की कवळी सटकायची. मग त्यांनी क्लॅरिनेट एका विद्यार्थ्याला देऊन टाकलं आणि तू दुसऱ्या गावात मोठा दवाखाना थाटलास. खालचे दात मी हाती घेतले. मोरी घासून नऊचे चार केले. आज बाबा त्याच दातांनी कडक पाव चावतात. कुजके होते ते तोंडात आहेत, धडधाकट होते ते कचऱ्यात गेले. आणि येईल त्याला बाबा सांगायचे, माझ्या मुलाने शर्थ केली हो, माझेच दात फुटक्या नशिबाचे. चार वर्षं ते ऐकत मी त्यांच्या शेजारी बसून जेवले.

फोन न करता हे पत्र का लिहितेय, ते आता सांगते. गेल्या महिन्यापासून बाबा सकाळी माझ्या दवाखान्यात येऊन आकडे लिहून घेतात. घरात बसून कंटाळले होते. मी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं, की वरचे की खालचे हे आधी विचारायचं, मगच लिहायचं. तिसऱ्या दिवशी मी एका पेशंटचे आकडे सांगत असताना त्यांनी पेन खाली ठेवलं. पेशंट गेल्यावर म्हणाले, त्या दिवशी तू 'खालून' म्हणाली होतीस, मी आ वासून पडलो होतो, पण कान उघडे होते. मी हो म्हटलं. सगळं सांगितलं. त्यांनी तुला शिवी दिली नाही, रडले नाहीत. तुझा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, त्याचे दात वाचव. पण आधी त्याला एवढंच विचार, की सहापैकी कितव्या दाताला त्याला आपली चूक कळली. तेव्हा फोनवर नको, एक ते सहा यांतला एक आकडा कागदावर लिहून पाठव. सहावा म्हणालास तर तुझ्या हातांना कधी काही कळलंच नाही. पहिला म्हणालास, तर तो एक चुकून गेला आणि पुढचे पाच तू चूक झाकायला काढलेस. खोटं लिहू नकोस, बाबा त्या खुर्चीत शुद्धीवर होते. आकडा आल्याशिवाय मी तुला तारीख देणार नाही, आणि तोवर दर महिन्याला हाड थोडं थोडं झिजत राहील. गेलेलं हाड परत येत नाही, हे तू पेशंटना रोज सांगतोस.

तुझीच,
धाकटी