दुसऱ्याची मंजुरी

सोमवार, ४ मार्च

पहिला दिवस झकास गेला. खुर्ची मऊ, खिडकीतून ऊन, कॉफी फुकट. शेजारच्या टेबलावरच्या बाईचं नाव मी मनातल्या मनात बडबडी ठेवलंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने अख्ख्या ऑफिसची लफडी मला सांगून टाकली. साहेब स्वतः उठून भेटायला आले. तोंडात साखर ठेवूनच बोलतात.

काम माझ्या आवडीचं आहे. आमची कंपनी सर्व्हर चालवणारी सिस्टीम बनवते आणि तिला मेमरी-गळतीचा रोग जडलाय. सिस्टीमचा एक भाग कामापुरती मेमरी घेतो आणि परत करायचं नावच काढत नाही. मेमरी संपली, की सिस्टीम स्वतः जगण्यासाठी चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देते. ही गळती मी बंद करायची.

मला हे सगळं आधीच माहीत होतं. या खुर्चीवर माझा दादा बसायचा. लग्नात माझं आडनाव बदललं, त्यामुळे इथे कुणाला पत्ता नाही. गळती त्याने शोधली होती, दुरुस्तीही लिहिली होती. पण दुसऱ्या माणसाने मंजुरी दिल्याशिवाय कुठलाही बदल आत जात नाही आणि एकानेही नाकारला तर अडतो, असा इथला नियम, आणि साहेब मंजुरी अडवून बसले. गिऱ्हाईक येऊन जाऊ दे, म्हणाले. त्याच आठवड्यात मेमरी संपली. बळी गेला सर्व्हर-खोलीच्या कुलपाच्या प्रोग्रॅमचा. दादा आत होता. आगीची खोटी सूचना वाजली, आग विझवणारा, श्वास कोंडणारा वायू सुटला आणि दार उघडलं नाही. अहवालात लिहिलं, कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा. आई अजून तो शब्द ऐकला की ताटावरून उठते.

साहेबांना मी सोडणार नाही.

सोमवार, ११ मार्च

गळती सापडली. नेटवर्कवरून एखादा निरोप अर्धवट आला, की त्याच्यासाठी जागा अडवली जाते आणि निरोप रद्द झाला तरी ती सुटत नाही. मी दोन ओळी घातल्या. साहेबांनी न वाचताच मंजुरी दिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढंच तर दादा मागत होता! तरी हसून आभार मानले. आधी विश्वास कमवायचाय.

गुरुवार, १४ मार्च

मेमरी पुन्हा भरतेय, सावकाश. माझ्या ओळी जागेवर आहेत. खाणारा कुणी वेगळाच आहे, आणि तो प्रोग्रॅम दादाच्या खात्यावरून चालू आहे. त्याचं खातं तर तो गेला त्याच दिवशी बंद केलं होतं. मी तो प्रोग्रॅम बंद केला. पाणी पिऊन येते तो परत हजर. बडबडीला बोलावून दाखवलं, तर यादीत काहीच नाही. ती म्हणाली, रात्री नीट झोपत जा गं.

घाबरले. पण त्याहून जास्त बरं वाटलं. दादा इथेच आहे.

सोमवार, १८ मार्च

भर दुपारी बडबडी सर्व्हर-खोलीत अडकली. कुलूप मेलं होतं. वॉचमनने पहारीने दार उचकटलं तेव्हा ती पांढरीफटक. सांगत होती, हँडलवर तिचा हात होता आणि त्या हातावर आणखी एक हात. गार.

दादाच्या अहवालावर साक्षीदार म्हणून हिचीच सही आहे. ती रडत होती आणि मला आनंद होत होता. लपवू कशाला?

वायू मात्र सुटला नाही; मेमरी तेवढी भरलीच नाही. माझी दुरुस्ती दादाच्या आड येतेय.

बुधवार, २० मार्च

दोन ओळी काढून टाकल्या. गळती पुन्हा उघडी. बदलापुढे माझं नाव, मंजुरीपुढे साहेबांचं. याही वेळी त्यांनी वाचलं नाही.

शुक्रवारी नवीन कुलूप दाखवायला त्यांना आत नेणार. मी बाहेर राहणार, आणि काचेतून शेवटपर्यंत बघणार.

शुक्रवार, २२ मार्च

साहेब दारात थबकले. फोन आला त्यांना. म्हणाले, तू हो पुढे. मी आत जाऊन मागे वळेपर्यंत दार लागलं —

उघडत नाही. रोजनिशी लॅपटॉपवरच असते, म्हणून लिहितेय.

मेमरी भराभर भरतेय. दादाचं नाव सगळ्यात वर.

दोन ओळी परत घातल्या. मंजुरीला पाठवल्या. साहेब काचेपलीकडे. ओरडून सगळं सांगितलं — मी कोण, त्यांना आत का आणत होते —

ऐकलं त्यांनी. फोनवर वाचलं. मंजुरी दिली! आता खुर्ची उचलून काचेवर हाणताहेत. रडताहेत. मला बाहेर काढायला —

नामंजूर.

दादाच्या खात्यावरून.

दुरुस्ती परत पाठवली. साहेबांनी मंजूर केली. दादाने नामंजूर. परत. परत —

दादा माणूस बघतच नाही. बदलापुढचं नाव बघतो. गळती उघडी कुणी ठेवली ते — मी —

भोंगा. वायू सुटला —

दादा मी आहे रे. आई जेवायची थांबली असेल. मंजूर कर ना, एकदाच, मी तुझ्यासाठीच तर —

दादा, मं