फोममधली पंधरावी खाच

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, नवं गाव, नवी पेटी. स्वारी खूश आहे. आमचं डेटा सेंटर म्हणजे खिडक्या नसलेली चार मजली इमारत, आत कपाटांच्या रांगांमध्ये हजारो कॉम्प्युटर आणि बारा महिने गारठा. पहिल्याच दिवशी स्वेटर न नेल्यामुळे माझी यथेच्छ टिंगल झाली. साहेबांना इथे सगळे हेडमास्तर म्हणतात. त्यांनी मला रिकामी पेटी दिली आणि हत्यारं निवडून भरायला सांगितलं. त्यांचा नियम असा, की पेटीत काळ्या फोमची गादी घालायची आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच स्वतःच्या हातानं कापायची. म्हणजे झाकण उघडलं की काय राहिलंय ते एका नजरेत कळतं.

दुपारभर तेच केलं. स्क्रूड्रायव्हर, पकडी, केबलला टोक बसवायचं क्रिम्पर, टेस्टर, मीटर, टॉर्च, लेबलांचा छोटा प्रिंटर. एकूण चौदा खाचा. कात्रीची जरा वाकडी झाली, पण चालतंय.

संध्याकाळी ताईचा फोन आला. दाजी गेल्यापासून ती रोज करते. विजेशी जपून वाग म्हणाली. मी हो म्हटलं आणि विषय बदलला.

बुधवार, ५ मार्च
पेटीत पंधरावी खाच आहे. काडेपेटीएवढी, चौकोनी, वर अर्धगोल कडी. मी कापलेली नाही. कोणीतरी नवख्याची फिरकी घेतंय असं वाटलं. तेवढ्यात हेडमास्तर डोकावले आणि चक्क शाबासकी दिली. कुलपाची जागा आधीच ठेवलीस, म्हणाले. मग नियम ऐकवला: विजेच्या कामाआधी स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप घालायचं, आणि ज्यानं घातलं त्यानंच काढायचं.

मला हा नियम ठाऊक आहे. दाजींनीच शिकवला होता.

शुक्रवार, ७ मार्च
फोम बदलला. नव्या गादीत चौदाच खाचा कापल्या, दोनदा मोजल्या. जेवून आलो तर पंधरावी पुन्हा तिथेच. कडा इतक्या गुळगुळीत, की माझ्या हातून तशा निघणं शक्य नाही.

ताई आज फोनवर चिडली होती, माझ्यावर नाही, दाजींवर. कुलूप लावायला विसरलेच कसे, घरी लहान मुलगी आहे हे आठवलं नाही का, म्हणाली. तिनं त्यांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात टाकलाय. मी भाचीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

सोमवार, १० मार्च
खाचेत कुलूप आहे. पितळी. पाठीवर ताईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका, ओळखू यावं म्हणून दाजींनी लावून घेतलेला. हे कुलूप मी स्वतः पुलावरून नदीत फेकलं होतं.

आता लिहूनच टाकतो. जुन्या नोकरीत दाजी पॅनेलमध्ये काम करत होते. स्विचवर त्यांचं कुलूप होतं. दुसरी किल्ली माझ्याकडे, कारण मी घरचा माणूस. वरून फोनवर फोन येत होते, स्विच बंद असल्यानं सगळं बॅकअपच्या बॅटरीवर चाललं होतं आणि तीही संपत आली होती. मी हाक मारली, उत्तर आलं नाही, चहाला गेले असतील असं वाटलं. कुलूप काढलं, स्विच चढवला. माणसं धावत येण्याआधी कुलूप खिशात घातलं. चौकशीत सांगितलं, कुलूप नव्हतंच.

मंगळवार, ११ मार्च
कुलूप गेलं. हत्यारंही सगळी गेली. चौदाच्या चौदा खाचा बुजल्यात. एकच उरलीय. मोठी — पंजाची. अंगठा आणि तर्जनी जुळलेली, किल्ली धरावी तशी.

हेडमास्तरांना दाखवली. त्यांना माझी पेटी व्यवस्थित भरलेली दिसते. दोन दिवस रजा घे म्हणाले.

बुधवार, १२ मार्च
ताईला सांगायला हवं. चार वेळा नंबर लावला, चार वेळा कापला. भित्रा आहे मी — हलकट आहे.

खाच माझ्याच मापाची आहे. बघूनच कळतं. हात घालणार नाही.

गुरुवार, १३ मार्च
घातला.

डाव्या हातानं लिहितोय. उजवा निघत नाही. आत फोम नाही — बोटं आहेत. ओढत नाहीत, नुसती धरून आहेत. ही पकड मला माहीत आहे, याच हातानं मला पहिल्यांदा पक्कड धरायला —

ताई, हे तुझ्यासाठी. ते विसरले नव्हते. कुलूप होतं.

एक बोट सैल झालं.

मी काढलं. मी खोटं बोललो. फोटो परत लाव, ताई.

आणखी दोन —

बाकीची घट्टच. का? सगळं लिहिलं की —

नाही. सगळं नाही.

उत्तर आलं नाही असं सोमवारी लिहिलं, तेही खोटं. आलं होतं. स्पष्ट ऐकलं मी. वाटलं, काढतील पटकन, कितीसा वेळ लागतो. दाजी म्हणाले होते, थांब रे, माझा हात अजून आत —